दीड मिनिटाचा उजेड

पन्नास सेंट टाका त्या पेटीत.
मधल्या भोकात नको, ते बुजलंय. डावीकडच्या.
दीड मिनिट मिळतं. चष्मा आधीच लावून ठेवा,
लोक चष्मा चाचपत बसतात अन् तेवढ्यात विझतं.

आला.

ही याएल. तंबूवाली.
घोंगडीखाली पडलाय तो सीसरा, सेनापती,
नऊशे लोखंडी रथांचा धनी,
आणि आता पायात जोडा एकच.
पळत पळत आला, पाणी मागितलं.
हिनं दूध दिलं.
वाडगा बघा, खाली कोपऱ्यात.
अख्ख्या चित्रात सगळ्यात पांढरं तेवढंच,
तिच्या उघड्या खांद्याहूनही पांढरं.
दिवा कुठं काढलेलाच नाही. उजेड येतो
तो तुमच्या डाव्या खांद्यावरून,
मागून कुणी कनात जराशी उचलून धरावी तसा.

चितारी कोण, ठाऊक नाही. नेपल्सहून आला होता म्हणतात,
उधारी बुडवून.
पण समोर बसवली ती इथलीच कुणी असणार.
मेखेवरचा अंगठा बघा, आत दुमडलेला.
एकदा तरी स्वतःच्या बोटावर हातोडा घातल्याशिवाय
हे कुणाला कळत नाही.
माझा बाप जत्रेत राहुट्या ठोकायचा.

गेला.
असू द्या, लगेच दुसरं नाणं नको.
पेटी बसली त्र्याहत्तर साली. त्याआधी
आम्ही तिला अशीच ओळखायचो,
काळ्यावर काळी,
ओल्या भिंतीच्या वासासकट.

त्रेचाळीसच्या सप्टेंबरात इथली किल्ली
माझ्या आईकडं होती, कार्मोझीनाकडं. मी तिच्या पोटात.
जर्मन उत्तरेकडं निघालेले, पूल उडवत, गुरं हाकत.
आमच्या पाच शेळ्यांतली एक उरली होती.
तिला आईनं इथं, पापकबुलीच्या कोठडीत कोंडलेली,
देवाची माफी मागून.

रात्री एक जण आला. एकटा.
पोरगाच. ओठ फुटलेले.
आमची भाषा येईना, बोटानं तोंड दाखवलं.
विहीर खाली, टेकडी उतरून. शेळी हाताशी.
आईनं दूध दिलं.
तो प्यायला, आणि त्या बाकावर,
हो, तुम्ही पिशवी ठेवलीय त्याच,
बुटांसकट झोपला. बंदूक भिंतीला.
आदल्या दिवशी त्यांनी माझ्या मामाला, व्हितालियानोला,
गिरणीमागं उभं केलं होतं.
घंटेचा खिळा ठोकायचा हातोडा त्या कोनाड्यात असायचा.
अजून असतो.

आई सांगायची ते एवढंच.
पुढं विचारलं तर म्हणायची, सकाळी बाक रिकामा होता.
कसा रिकामा, हे विचारायचं
माझ्याकडून राहून गेलं.
राहून गेलं असंच म्हणते मी.

पेटी बसवली त्या दिवशी पाद्रीबाबांनी
पहिलं नाणं तिच्याच हातात दिलं, शंभर लिरांचं.
उजेड आला तशी सगळं गाव हातोड्याकडं बघायला लागलं.
ती वाडग्याकडं.
म्हणाली, "ह्यानं तळाशी थोडं ठेवलंय.
माझ्याकडचा सगळं प्यायला होता."
आणि उजेड जायच्या आत
पदराखाली हात घेऊन बाहेर गेली,
शेळीला चारा टाकायचाय म्हणून.
शेळ्या विकून तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

टाका आता दुसरं नाणं.
यावेळी तोंड बघा तिचं.
झोपलेल्याला ताप आहे का, हे बघायला
वाकलेल्या बाईचं तोंड असतं, तसं.
आणि हातोडा वरच.
एवढी वर्षं झाली, वरच.

शेवटी पेटीत खट् होतं,
नवखी माणसं दचकतात.
मी नाही दचकत.
मी जरा आधी
मान वळवून घेते.